फांद्या तोडा, पण डोकं वापरून

संपादक साहेब, नमस्कार.

मे महिना आला की आमच्याकडे दर आठवड्याला दिवसभर लाईट जाते, कारण काय तर मेंटेनन्स, फांद्या तोडतायत. लोक वैतागतात, मी पण वैतागतो, पण खरं सांगायचं तर हे काम नको म्हणणं परवडणारं नाही. उन्हात आणि लोड वाढला की तार तापून लांबते, खाली झोळ पडतो, आणि ओली फांदी टेकली की अख्खा ११ केव्हीचा (११ हजार व्होल्टचा) फीडर, म्हणजे आपल्या भागाला वीज पुरवणारी लाईन, ट्रिप होऊन बंद! १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेत ओहायोमधे ३४५ केव्हीच्या लाईनी अशाच झाडांना टेकल्या, पुढे बिघाड वाढत गेला आणि अमेरिका-कॅनडा मिळून साधारण ५ कोटी लोक अंधारात गेले.

माझी तक्रार तोडण्याच्या पद्धतीवर आहे. आमच्या गल्लीतला गुलमोहर एकाच बाजूने असा छाटलाय की पहिल्या वादळात तो तारेवरच आडवा होणार, आणि तोडलेल्या फांद्या आठवडाभर गटारावर पडून (पाणी तुंबलं की परत आम्हीच ओरडायचं). छाटताना झाडाची माहिती असलेला माणूस सोबत द्या, आणि जिथे झाडी दाट आहे तिथे उघड्या तारांऐवजी इन्सुलेटेड केबल टाका ना.

– एक वीजग्राहक