एकाच नावाच्या दोन कलाकृती

‘नावांची उसनवारी’ हा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. जुन्या पुस्तकाचे नाव नव्या नाटकाला देणे ही वाङ्मयचोरीच आहे, हा त्यातील सूर मात्र पटला नाही.

‘रणांगण’चेच पाहा. विश्राम बेडेकरांची १९३९ची कादंबरी युरोपातून निघालेल्या बोटीवर घडते. चक्रधर आणि ज्यू तरुणी हेर्टा यांच्या प्रेमाला येऊ घातलेल्या महायुद्धाची छाया आहे. विश्वास पाटील यांचे त्याच नावाचे नाटक पानिपतावर उभे आहे. शब्द एक, पण पहिल्यात रण मनातले आणि दुसऱ्यात प्रत्यक्ष तलवारीचे. यात चोरी ती कसली? ‘मृत्युंजय’ म्हटले की आपल्याला शिवाजी सावंतांचा कर्ण आठवतो. असमिया वाचकाला बीरेंद्रकुमार भट्टाचार्य यांची ४२च्या लढ्यावरची कादंबरी आठवेल, जिचे ज्ञानपीठ कधीकधी आपण सावंतांच्या खात्यावर जमा करून टाकतो!

नुसत्या शीर्षकावर स्वामित्वहक्क सांगता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानेही २०१५ मध्ये एका चित्रपटाच्या नावावरील वादात दिला आहे. गोंधळ होतो हे खरे. पण तो नावांमुळे कमी आणि लेखकाचे नाव व साल न छापण्याच्या आपल्या सवयीमुळे अधिक होतो. आपल्याच पुरवणीतील नाट्यप्रयोगांच्या यादीत बहुतेक नाटकांपुढे लेखकाचे नाव नसते. तेवढे छापायला सुरुवात करावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे