आधी पिक्सेल कमी करा, मग फॉरमॅटवर भांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संकेतस्थळावरचे फोटो हलके करण्याचा विषय निघाला की चर्चा लगेच ‘वेबपी की एव्हीआयएफ’ (फोटो दाबून, म्हणजे बाइट कमी करून, साठवण्याचे दोन फॉरमॅट) यावर येऊन अडते. फॉरमॅट ही या कामातली शेवटची पायरी. कॅमेऱ्यातली रॉ फाइल तिथवर पोहोचेपर्यंत फोटोचे जे भलेबुरे व्हायचे ते बहुतेक होऊन गेलेले असते. म्हणून आधीच्या पायऱ्यांबद्दल थोडे.

रॉ म्हणजे तयार चित्र नव्हे, सेन्सरने मोजलेल्या उजेडाची कच्ची नोंद. बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो. उरलेले दोन शेजारच्या पिक्सेलांवरून हिशेबाने भरावे लागतात. १४ बिटच्या रॉमध्ये उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेग आणि वेबपीमध्ये प्रत्येक रंगाला २५६. सोळा हजारांतल्या कोणत्या ठेवायच्या आणि कोणत्या सोडायच्या हे ठरवणे म्हणजे रॉ डेव्हलप करणे.

‘रॉ टाका, वेबपी घ्या’ म्हणणारी अनेक कन्व्हर्टर हे काम करतच नाहीत. रॉच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतः बनवलेला एक जेपेग असतो, तो बाहेर काढून पुन्हा दाबतात. म्हणजे एकदा दाबलेला फोटो दुसऱ्यांदा दाबला जातो आणि पहिल्या दाबातले डाग दुसऱ्यात पक्के होतात. ओळखायची खूण सोपी आहे: २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून ६००० × ४००० यायला हवे, त्याऐवजी १६०० च्या आसपास रुंदी निघाली तर आतला लहान जेपेग हाती आला आहे. काही कॅमेरे आतला जेपेगही पूर्ण आकाराचा ठेवतात, तिथे ही खूण चालत नाही. तिथे निदान तुमचे बदल फोटोत उतरले का एवढे तपासा. डार्कटेबल या रॉ डेव्हलप करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेले बदल रॉच्या शेजारी एक्सएमपी नावाच्या छोट्या वेगळ्या फाइलीत लिहिले जातात. उजेड वाढवूनही कन्व्हर्टरमधून फोटो जुनाच काळोखा बाहेर आला, तर त्याने ती एक्सएमपी उघडलेलीच नाही.

तेव्हा डार्कटेबल किंवा त्याच कामाचे रॉथेरपी यांपैकी काहीही घ्या, दोन्ही मोफत आहेत. व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसेल असा रंगांचा तोल), एक्स्पोजर (एकूण उजेड), उजळ भाग सावरणे ही नेहमीची कामे झाली की दाणेदारपणाकडे वळा. याचा फाइलीच्या वजनाशी थेट संबंध आहे, आणि हे फारसे कोणी सांगत नाही. दाबणारे सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलांमधल्या सारखेपणावर जगते. जास्त आयएसओवर, म्हणजे कमी उजेडात कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवून, काढलेल्या फोटोत सपाट भिंतीवरचाही प्रत्येक पिक्सेल शेजाऱ्याहून वेगळा असतो, म्हणून त्या निरुपयोगी दाण्यांची नोंद करण्यातच बाइट खर्च होतात. रंगाचे दाणे निर्धास्त काढा. उजेडाचे मात्र अर्धेच. सगळे पुसले की चेहरा मेणाचा होतो आणि आकाशात पट्टे उमटतात.

मग आकार. वजन सर्वात जास्त इथे उतरते. मजकुराच्या रुंदीत बसणाऱ्या फोटोला १६०० पिक्सेल रुंदी पुरते, पूर्ण पडदाभर दाखवायचा तर २४०० च्या आसपास. ६००० पिक्सेलचा फोटो तसाच ठेवून फक्त दर्जाचा आकडा खाली आणणे हा नेहमीचा घोटाळा आहे. फाइल कदाचित लहान होते, पण ब्राउझर ती उलगडतो तेव्हा एका पिक्सेलला साधारण ४ बाइट लागतात. ६००० × ४००० चा फोटो फाइल म्हणून ५०० केबी असो की १५ एमबी, फोनच्या मेमरीत सुमारे ९६ एमबी जागा घेऊ शकतो. १६०० × १०६७ ला ७ एमबीसुद्धा लागत नाहीत. दहा फोटोंचे पान साध्या फोनवर का अडखळते, ते यावरून कळेल.

शार्पनिंग, म्हणजे कडांना धार देणे, आकार कमी केल्यानंतर करा. आधी केलेली धार लहान करताना विरून जाते आणि लोक ती परत येण्यासाठी दुप्पट जोर लावतात. मग कडांभोवती पांढरी रेघ दिसते. रॉथेरपीत आकार बदलल्यानंतरच्या शार्पनिंगची वेगळी सोय आहे. डार्कटेबलच्या एक्स्पोर्टमध्ये उच्च दर्जाचे रिसॅम्पलिंग (आकार बदलण्याचा पर्याय) चालू ठेवा, म्हणजे सगळी प्रक्रिया पूर्ण आकारावर होऊन फोटो शेवटी लहान होतो.

रंगाचा सापळा वेगळाच. एक्स्पोर्ट करताना प्रोफाइल, म्हणजे आकडे कोणत्या रंगांचे हे सांगणारी फाइलीतली नोंद, एसआरजीबी निवडा; वेबवर तेच गृहीत धरले जाते. फोटो अडोबी आरजीबी या जास्त रंगांच्या प्रोफाइलमध्ये बाहेर काढला आणि पुढे कुठल्या तरी साधनाने ‘अनावश्यक माहिती’ म्हणून प्रोफाइलच काढून टाकले, की ब्राउझर त्याच आकड्यांना एसआरजीबी समजतो आणि फोटो फिका, मळकट दिसतो. दोष फॉरमॅटला दिला जातो. एक्झिफटूल या फोटोसोबतची माहिती वाचण्या-पुसण्याच्या साधनाने सरसकट सगळे पुसले तर जेपेगमधले प्रोफाइल जाते आणि फोटो कोणत्या बाजूने उभा धरायचा ही नोंदही जाते. उभे फोटो आडवे पडण्यामागे बहुधा हेच असते. जीपीएसची नोंद मात्र काढायलाच हवी. घरात काढलेल्या फोटोबरोबर घराचा ठावठिकाणा जगाला देण्याचे कारण नाही.

आता फॉरमॅट. रॉ आणि शेवटची फाइल यांच्यामध्ये एखादी प्रत लागलीच तर १६ बिटचा टिफ (दर्जा न गमावणारा जड फॉरमॅट) ठेवा; पूर्ण आकारात तो १४४ एमबीपर्यंत जातो, काम झाल्यावर पुसून टाका. वेबपीला ० ते १०० या मापावर ७५ ते ८२ दर्जा पुरतो. त्यात रंगाची माहिती उभी-आडवी निम्म्या बारकाईने साठवली जाते, म्हणून गडद लाल कापडाची कड किंवा लाल पाटीवरची अक्षरे फुटतात. सीवेबपी (वेबपी बनवणारे साधन) वापरत असाल तर त्यातला ‘शार्प वाययूव्ही’ पर्याय चालू करा. सीवेबपी प्रोफाइल आपणहून पुढे नेत नाही, ते ठेवायला सांगावे लागते. एव्हीआयएफ कमी बाइटमध्ये जास्त टिकतो आणि १० बिटही घेतो, म्हणून आकाशाच्या हळूहळू बदलणाऱ्या छटांना तो बरा. पण आकडा फार उतरवला की कापडाची वीण आणि त्वचेचा पोत गुळगुळीत करून टाकतो. एव्हीआयएफईएनसी या एव्हीआयएफ बनवणाऱ्या साधनाच्या जुन्या आवृत्त्यांत आकडा ० ते ६३ असे आणि लहान आकडा म्हणजे चांगला दर्जा. नव्यांत १०० पर्यंतचा सरळ आकडा आहे, ६० पासून सुरुवात करावी. जेपेगचे ८०, वेबपीचे ८० आणि एव्हीआयएफचे ८० यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, त्यामुळे आकडे जुळवत बसू नका. १०० टक्के मोठे करून केस, आकाश आणि सर्वात काळा कोपरा बघा. फोटोसाठी पीएनजी नको, आयफोनचा एचईआयसीही नको; पहिला फार जड, दुसरा बहुतेक ब्राउझरना उघडत नाही.

पानावर ४००, ८०० आणि १६०० रुंदीच्या प्रती ठेवाव्यात, आणि प्रत्येक फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये लिहावी, नाहीतर फोटो येताच मजकूर खाली उडी मारतो. एकाच फोटोचे अनेक पर्याय देणाऱ्या कोडमधल्या ‘पिक्चर’ टॅगमध्ये क्रम असा: आधी एव्हीआयएफ, मग वेबपी, शेवटी जेपेग. ब्राउझर वरून वाचत येतो आणि स्वतःला उघडता येणारा पहिला पर्याय उचलतो. जेपेगचा पर्याय सर्वात वर लिहिलेल्या पानावर खालच्या दोन्ही फाइली सर्व्हरवर नुसत्या पडून राहतात.

आपला,
छायाचित्र विभागात काम करणारा एक वाचक