गळ्यातली गाठ

प्रिय सुनंदा,

फोनवर नीट बोलता आलं नाही कारण आई शेजारीच बसली होती आणि तिला अजून नुसतं 'थायरॉईडची तपासणी' एवढंच सांगितलंय. तुला मात्र सगळं सांगायचंय म्हणून लिहितेय, लांबलं तरी वाच.

गाठ गळ्याच्या उजव्या बाजूला आहे. दुखत नाही, गिळायला त्रास नाही, काहीच नाही. गॅदरिंगच्या फोटोत गळा एका बाजूने भरल्यासारखा दिसला म्हणून फॅमिली डॉक्टरांना दाखवला. त्यांनी हातात पाण्याचा ग्लास दिला, म्हणाले घोट तोंडात धरा आणि मी सांगेन तेव्हाच गिळा. गिळताना थायरॉईड वर सरकते आणि तिच्यात गाठ असेल तर तीही सोबत सरकते, माझी सरकली, आरशात मलाही दिसली गं, आणि तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळा आला.

मग रक्त. लॅबवाल्या मुलीने आधी विचारलं केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेता का, घेत होते, तर म्हणाली दोन दिवस बंद करून या कारण बायोटिनमुळे थायरॉईडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. तूही घेतेस ना त्या, लक्षात ठेव. टीएसएच अगदी नॉर्मल आला आणि मी खुश झाले, पण डॉक्टर म्हणाले टीएसएच नॉर्मल म्हणजे ग्रंथी काम नीट करतेय एवढंच, गाठ कशाची आहे ते त्यावरून कळत नाही. म्हणून सोनोग्राफी, त्यात गाठ 3.2 सेंटिमीटर निघाली, आणि तिथून मिरजेला सर्जनकडे पाठवलं.

सुईच्या तपासणीची, म्हणजे एफएनएसीची, मला सगळ्यात भीती होती. मानेखाली उशी देऊन डोकं मागे टाकायला लावतात, गळा पूर्ण ताणला जातो, आणि सोनोग्राफीत बघत बघत सुई घालतात. सुई रक्त घेतात त्याहूनही बारीक असते. दुखणं सहन होतं, पण 'आता गिळू नका, बोलू नका' म्हटलं की नेमका आवंढा येतो, तो थांबवणं हेच खरं अवघड. तीन-चार वेळा सुई आतबाहेर झाली, नंतर थोडा वेळ कापूस दाबून धरला आणि घरी.

रिपोर्टवर लिहिलंय 'बेथेस्डा कॅटेगरी 4'. सुईच्या रिपोर्टचे जगभर असे सहा गट करतात. दुसरा म्हणजे साधी गाठ, सहावा म्हणजे कॅन्सर, आणि माझा चौथा, मधला. या गटातल्या शंभर गाठींमधल्या साधारण 25 ते 30 कॅन्सरच्या निघतात. मी विचारलं मग पुन्हा सुई घाला, अजून नीट बघा, बायोप्सी करा, काहीही करा पण नक्की सांगा. तर सर्जननी समजावलं की माझ्यासारख्या गाठीत पेशी दोन्हीकडे सारख्याच दिसतात, साधी असो की वाईट, फरक एवढाच की वाईट असेल तर ती स्वतःभोवतीचं आवरण फोडून किंवा रक्तवाहिनीत शिरून बाहेर पडलेली असते. पेरूत सुई घालून गर काढला तर सालीला भोक आहे का ते गरावरून कसं कळणार? त्यासाठी अख्खी गाठच काढून, तिच्या आवरणाचे काप करून बघावे लागतात. म्हणजे सुनंदा, इतक्या तपासण्या झाल्या पण शेवटची तपासणी ऑपरेशन हीच आहे. हे पचायला मला वेळ लागला. मी रिपोर्टची वाट बघत होते ती हो किंवा नाही ऐकायला, आणि इथे 'काढल्याशिवाय सांगता येत नाही' हेच उत्तर आहे, आणि ते खरं उत्तर आहे.

आता माझी खरी भीती तुला माहितीच आहे. कॅन्सरची कमी वाटते, कारण थायरॉईडचे बहुतेक कॅन्सर वेळेवर काढले तर बरे होतात असं सगळेच सांगतात. आवाजाची वाटते. थायरॉईडच्या अगदी मागून स्वरयंत्राची नस जाते, ती मानेतून खाली उतरते, उजव्या बाजूला गळ्याच्या मुळाशी एका मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि परत वर येते. तिला धक्का लागला तर आवाज घोगरा होतो. आणि दुसरी एक बारीक नस आहे, ती वरच्या सुरांची. इटलीची ऑपेरा गायिका अमेलिता गॅली-कुर्ची, तिचं 1935 मध्ये शिकागोत गलगंडाचं ऑपरेशन झालं आणि वरचा आवाज गेला, अशी गोष्ट सर्जन लोक अजून सांगतात. नंतर काही डॉक्टरांनी जुने दाखले बघून म्हटलंय की तिचा आवाज आधीच उतरायला लागला होता. मी रात्री दोन वाजता हे वाचत बसले होते, आमचे हे ओरडले शेवटी. पण मी काय करू, वर्गातही आवाज लागतो आणि मंडळातही, आणि वरच्या सा शिवाय अभंग म्हणायचा कसा.

सर्जनना मी स्पष्ट सांगितलं की मी गाते. त्यांनी ते फाइलवर मोठ्या अक्षरात लिहिलं, मला फार बरं वाटलं. मिरजेचे आहेत, खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या स्मृतीत दर्ग्यात होणाऱ्या संगीत सभेला लहानपणापासून जातात म्हणाले. शंभरात एखाद्याला आवाजाचा कायमचा त्रास राहतो, काहींचा काही आठवडे बसतो आणि मग सुटतो, आणि नस सांभाळायला ऑपरेशनमध्ये मशीन लावतात, हे सगळं न लपवता सांगितलं.

त्यांनीच ऑपरेशनआधी स्वरयंत्र बघायला पाठवलं. नाकात आणि घशात कडू स्प्रे मारतात, जीभ जड होते, मग नाकातून बारीक नळी आत. समोर स्क्रीन होता. डॉक्टर म्हणाले 'ई' म्हणा, मी म्हटलं, आणि त्या दोन पांढऱ्या पट्ट्या एकमेकींना येऊन चिकटल्या आणि थरथरायला लागल्या. श्वास घेतला की उघडायच्या. वर जा म्हणाले तसं मी सूर चढवला तर त्या ताणून लांब झाल्या. सुनंदा, इतकी वर्षं गातोय आपण, आणि गातं ते एवढंसं! मला रडूच आलं. दोन्ही नीट हलतायत असा रिपोर्ट आहे.

बाकी ईसीजी, छातीचा एक्सरे, शुगर, रक्त गोठायची वेळ, कॅल्शियम, सगळं ठीक. भूलतज्ज्ञ मॅडमनी आ करायला लावला, जीभ बाहेर काढायला लावली, मान मागे किती जाते बघितलं, हलणारा दात आहे का विचारलं, दोन जिने चढून दम लागतो का विचारलं. फिटनेस मिळाला. मेडिक्लेमची मंजुरी तेवढी यायचीय.

करायचं ठरवलंय मी. फक्त उजवी बाजू काढतील, उरलेल्या अर्ध्यावर बऱ्याच जणांचं गोळीशिवाय भागतं. गाठीचा पक्का रिपोर्ट साधारण आठवड्याने येईल, वाईट निघाला तर कदाचित दुसरी बाजूही काढावी लागेल, ते तेव्हा बघू. थोडे आठवडे थांबलं तरी चालेल म्हणालेत म्हणून सहामाही परीक्षा उरकून तारीख घेणारे.

तुझ्याकडे एकच मागणं आहे. बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुष माणसाला थांबू देत नाहीत, आईला जागरण झेपणार नाही आणि वन्संची मुलगी दहावीला आहे. ऑपरेशनच्या रात्री तू थांबशील का? तारीख ठरली की लगेच कळवते, मग तू कोल्हापूरच्या गाडीचं रिझर्वेशन कर, मिरज स्टेशनवर हे घ्यायला येतील. आणि आईचा फोन आला तर कॅन्सर हा शब्द काढू नकोस, तिला मी रविवारी स्वतः सांगणारे.

तुझी,
मंगल