लॉग हरवतात, बिल मात्र पूर्ण येतं: तुमच्या सेटअप स्क्रिप्टबद्दल तक्रार

प्रति,
सपोर्ट टीम / टेक्निकल हेड

विषय: तुमच्या कलेक्टरकडे (लॉग गोळा करणाऱ्या सर्व्हरकडे) पाठवलेले सिस्लॉग (सर्व्हरच्या नोंदी) गायब होणे, अर्धवट येणे आणि त्यावर मिळालेली उत्तरं

नमस्कार,

चॅटवर तिकीट टाकून टाकून कंटाळा आला, दर वेळी नवीन माणूस येतो आणि परत पहिल्यापासून विचारतो की इंटरनेट चालू आहे का, म्हणून आता सगळं एकाच पत्रात लिहितेय, प्लीज शेवटपर्यंत वाचा.

आमचा सेटअप साधा आहे. वेब सर्व्हर आणि डेटाबेस सर्व्हर आपले लॉग आरसिस्लॉगने (लॉग पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने) एका रिले सर्व्हरला देतात आणि रिले ते तुमच्या कलेक्टरला पाठवतो. रिलेवर तुमचीच स्क्रिप्ट चालवली, तुमच्याच डॉक्युमेंटप्रमाणे. तुमच्या प्लॅनच्या पानावर मोठ्या अक्षरात आहे की एकही लॉग लाइन हरवत नाही. आणि स्क्रिप्टने कॉन्फिगमध्ये लिहिलं काय, तर एक @ आणि पोर्ट ५१४. एक @ म्हणजे यूडीपी हे तुम्हाला मी सांगायला नको. पॅकेट पोचलं की नाही हे पाठवणाऱ्याला कळायची सोयच नाही त्यात, मग हमी कशाच्या जोरावर देता?

हे उघडकीला आलं कारण आमच्या एका सर्व्हरवर रात्रभर कोणीतरी पासवर्ड ट्राय करत होतं आणि तुमच्या डॅशबोर्डवर त्या वेळचे लॉगिनचे लॉग तुटक तुटक दिसत होते, मधेच मोठी गॅप. सर्व्हरच्या लोकल फाइलमध्ये मात्र सगळ्या ओळी जागच्या जागी. नंतर टीसीपीडंप (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं टूल) लावून टेस्ट मेसेज सोडले, पॅकेट रिलेमधून बाहेर पडताना स्पष्ट दिसतंय आणि तुमच्याकडे काहीच नाही. ते कॅप्चर तिकिटाला जोडलं तरी उत्तर आलं "तुमचं फायरवॉल तपासा". अहो, फायरवॉलने अडवलं असतं तर सगळेच अडले असते ना, लोड वाढला की मधलेच का गळतात? तुमच्या कलेक्टरवर यूडीपी रिसीव्ह बफर एररचा काउंटर असतो, बफर भरल्यामुळे गळलेली पॅकेट मोजणारा, तो कोणी उघडून बघितला का एवढंच विचारलं होतं, त्याचं उत्तर आजतागायत नाही.

मग तुमच्याच इंजिनियरने टीसीपीवर (कनेक्शन जोडून, पोचपावती घेत पाठवायची पद्धत) जायला सांगितलं आणि नवीन स्क्रिप्ट दिली, आणि इथे तर कहर झाला. त्यात रीट्राय काउंट -१ आहे, म्हणजे कनेक्शन जमेपर्यंत कायम प्रयत्न करत राहा, पण त्या ॲक्शनला, म्हणजे पाठवण्याच्या कामाला, स्वतःची क्यू (मेसेजची रांग) दिलेलीच नाही. क्यू दिली नाही की ती ॲक्शन डायरेक्ट मोडमध्ये चालते, मेसेज वेगळ्या रांगेत न थांबवता थेट पाठवायला जाते. तुम्ही न कळवता मेंटेनन्सला गेलात, वर्कर (मेसेज पुढे पाठवणारा थ्रेड) तुमच्या पोर्टवर डोकं आपटत बसला, मागे मेन क्यू भरत गेली आणि आमच्या रिलेवर लोकल फाइलमध्ये लॉग लिहिणंसुद्धा थांबलं. म्हणजे बंद पडलात तुम्ही आणि आंधळे झालो आम्ही! लिंक्डलिस्ट क्यू, क्यूला फाइलचं नाव, डिस्कची मर्यादा आणि बंद होताना सेव्ह करायचा पर्याय, एवढ्या चार सेटिंग टाकल्या असत्या तर मेसेज डिस्कवर थांबले असते आणि तुम्ही परत आल्यावर गेले असते. शेवटी ते मीच टाकलं, पैसे मात्र "मॅनेज्ड" सर्व्हिसचे देतोय. त्यातही साध्या टीसीपीत कनेक्शन तुटताना बफरमधले मेसेज जाऊ शकतात, त्यासाठी रेल्प (प्रत्येक मेसेजची पोचपावती घेणारा प्रोटोकॉल) आहे, तो तुम्ही सपोर्टच करत नाही.

अजून एक. तुमचा कलेक्टर १०२४ बाइटला मेसेज कापतो. ही जुन्या आरएफसी ३१६४ ची (सिस्लॉगच्या फॉरमॅटचं जुनं डॉक्युमेंट) मर्यादा. नवीन आरएफसी ५४२४ येऊन जमाना झाला, २००९ सालचं आहे ते, त्यात रिसीव्हरने २०४८ पर्यंतचे मेसेज घ्यावेत असं लिहिलंय. आमचे जेसन (ठराविक रचनेत लिहिलेले) लॉग अर्ध्यात तुटतात, पार्स होत नाहीत म्हणजे सिस्टिमला वाचता येत नाहीत, "अनपार्स्ड" मध्ये जाऊन पडतात आणि त्याचंही बिल लागतं. शिवाय होस्टचं नाव तुम्ही मेसेजमधून न घेता पॅकेटच्या आयपीवरून घेता, त्यामुळे रिलेमागचे सगळे सर्व्हर एकाच नावाने दिसतात. वेळेचा घोळ वेगळाच, जुन्या फॉरमॅटच्या टाइमस्टॅम्पमध्ये ना वर्ष ना टाइमझोन, मग तुमचा डॅशबोर्ड स्वतःच अंदाज बांधतो आणि आम्ही घटना जुळवत बसतो.

आता मला काय हवंय ते. स्क्रिप्ट बदला, डिफॉल्ट टीएलएस (एन्क्रिप्टेड कनेक्शन) पोर्ट ६५१४ आणि डिस्कवाली क्यू असू दे. मेसेज ५४२४ फॉरमॅटमध्ये घ्या आणि साइजची मर्यादा वाढवा. डॅशबोर्डवर किती मेसेज ड्रॉप झाले आणि किती कापले गेले ते दिसू दे. "एकही लाइन हरवत नाही" हे वाक्य पानावरून काढा, निदान यूडीपी वापरणाऱ्यांसाठी तरी. आणि अनपार्स्डमध्ये गेलेल्या डेटाचे लावलेले पैसे परत करा, त्याची यादी तिकिटाला जोडलेली आहे.

उत्तर लेखी द्या आणि कॉन्फिग वाचता येतं अशा माणसाकडून द्या. तोवर हे बिल आम्ही वादग्रस्त म्हणून अकाउंट्सला कळवलंय आणि लॉगची एक कॉपी आमच्याच दुसऱ्या सर्व्हरवर वळवलीय.

आपली,
एक वैतागलेली सिस्टिम ॲडमिन