कापलेले पैसे आणि न भरलेले पैसे

शिकागो

तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार,

एवढ्या श्रीमंत शहराला पेन्शन कशी जड जाते, असं तुम्ही फोनवर विचारलंत. तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

इथं शहराचे चार पेन्शन फंड आहेत: पोलीस, अग्निशमन, मजूर आणि बाकीचे कर्मचारी. या बाकीच्यांचंच बघा. त्यांच्या पगारातून साडेआठ टक्के कापले जात, त्यात खंड नाही. शहराचा वाटा मात्र फंडाची गरज बघून ठरतच नव्हता. कर्मचाऱ्यांनी दोन वर्षांपूर्वी भरलेल्या रकमेच्या सव्वापट भरा, असा कायदाच होता. फंडाला लागत होतं त्याहून खूप कमी. तेवढं भरून शहर वर्षानुवर्षं मोकळं झालं, आणि आता चारही फंडांची मिळून तूट ३५ अब्ज डॉलरच्या आसपास आहे. त्यात या बाकीच्यांतल्या जुन्या कर्मचाऱ्यांची पेन्शन दरवर्षी ३ टक्के चक्रवाढीने वाढते, म्हणजे २४ वर्षांत दुप्पट.

लोक या वाढीवरच बोट ठेवतात. मला ते पटत नाही, बाबा. या माणसांना शहराच्या नोकरीबद्दल सोशल सिक्युरिटी, म्हणजे केंद्र सरकारची पेन्शनही मिळत नाही. म्हातारपणी हीच पेन्शन. आमच्या इलिनॉय राज्याच्या १९७० च्या घटनेत ती कमी करता येणार नाही असं स्पष्ट लिहिलंय, आणि २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शहरासाठी केलेला कपातीचा कायदा त्याच आधारावर रद्द केला. योग्यच केलं.

पण मग पैसा करातूनच येणार. २०१५ मध्ये पोलीस आणि अग्निशमनच्या पेन्शनसाठी मालमत्ता कर टप्प्याटप्प्याने ५४ कोटी ३० लाख डॉलरने वाढवला. हा पैसा रस्त्यांना नाही, दवाखान्यांना नाही. जुनी थकबाकी फेडायला.

शेजारच्या आजी शहराच्या नोकरीतून निवृत्त झाल्यात. त्यांना धास्ती डेट्रॉइटची. मिशिगनच्या घटनेतही पेन्शनला संरक्षण होतं, तरी २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरी पुकारली आणि सामान्य कर्मचाऱ्यांची पेन्शन साडेचार टक्क्यांनी कापली गेली, वार्षिक वाढही गेली. इलिनॉयमध्ये शहरांना दिवाळखोरी पुकारायची अशी सरसकट मुभा नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

आईला नमस्कार.

तुमची,
मनू