हिरवा ठिपका लावून माळकरी बाईला माशाचं सूप: लेखी तक्रार

प्रति,
मुख्य व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व किचन विभाग

विषय: तुमच्या पुण्यातल्या शाखेत 'व्हेज कात्सु सेट'मध्ये माशाचा अर्क असलेलं सूप वाढल्याबद्दल, आणि व्हेज पदार्थांच्याच तेलात डुकराचं मांस तळत असल्याबद्दल

महोदय,

काल संध्याकाळी तुमच्या ग्राहक सेवेला माझा तिसरा फोन झाला. यापुढे फोन करायचा नाही असं ठरवलंय, म्हणून हे लिहून देते. उत्तरही लेखीच हवं आहे.

गेल्या शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघं तुमच्याकडे जेवायला आलो होतो. मी, माझे यजमान, दहा वर्षांचा मुलगा आणि माझी आई. दुसऱ्या दिवशी मुलाची शिष्यवृत्तीची परीक्षा होती. जपानमध्ये परीक्षेच्या आदल्या रात्री मुलांना कात्सु, म्हणजे पावाचा चुरा लावून तळलेला कटलेट, खाऊ घालतात, कारण जपानीत 'कात्सु'चा दुसरा अर्थ जिंकणं. मी सहा वर्षं नागोयात दुभाषी म्हणून काम केलंय. तिथे गडद लाल मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण, ओतलेला कात्सु मिळतो. शनिवारी कारखान्यातून सुटल्यावर मी तो कितीदा खाल्लाय याची गणतीच नाही. आईला फोनवर त्याबद्दल सांगायचे, तेव्हा ती म्हणायची, "तुझं ते काय असतं ते मलाही दाखव एकदा, माझ्या चालण्यातलं असलं तर." तुमच्या मेनूकार्डावर हिरव्या ठिपक्याचा सेट दिसला म्हणून तिला आणलं.

माझी आई माळकरी आहे. गळ्यात तुळशीची माळ आहे आणि ती घातल्यापासून तिने मांस, मासे, अंडं काही तोंडात घेतलेलं नाही. वारीत पायी जाते. पुण्यात धंदा करता तेव्हा माळ म्हणजे काय, हे तुमच्या लोकांना मी समजावून सांगायची वेळ यायला नको होती. तरी सांगितलं.

ऑर्डर देण्याआधी मी तीन गोष्टी विचारल्या. कोरोक्के (जपानी पद्धतीचं तळलेलं कटलेट) आणि कमळकाकडी वेगळ्या तेलात तळता का? वरच्या पांकोच्या, म्हणजे पावाच्या चुऱ्याच्या, खाली अंडं लावता का? मिसो सूपची दाशी, म्हणजे सूपचं मूळ पाणी, कशाची? वाढणारा मुलगा आत जाऊन विचारून आला आणि म्हणाला, "मॅडम, सगळं व्हेज आहे, अंडं नाही, मैद्याचा घोळ आहे, तेल वेगळं आहे, सूप सोयाबीनचं आहे." मी पुन्हा विचारलं. आईकडे बोट दाखवून सांगितलं की यांना चालत नाही, नक्की बघा. तो पुन्हा आत गेला आणि पुन्हा हो म्हणाला. माझ्या तक्रारीतला मुख्य मुद्दा हाच आहे की मी दोनदा विचारलं होतं. हे पुढेही येईल, कारण तुमच्या तिन्ही माणसांनी फोनवर मला पहिला प्रश्न एकच केला: "ऑर्डर देताना तुम्ही विचारलं होतं का?"

ताट आलं. आईने आधी सूपची वाटी उचलली. थंडी होती, वाफा येत होत्या. वर टोफूचे दोन तुकडे, तळाशी मिसोचा ढग बसलेला. तिने दोन घोट घेतले आणि म्हणाली, "धुरकट वास येतोय गं, चुलीवरच्यासारखा." मी तिच्या हातातून वाटी घेतली. वास घेतल्याबरोबर माझ्या पोटात खड्डा पडला. तो वास मी सहा वर्षं रोज घेतलाय. तो कात्सुओबुशीचा वास आहे.

कात्सुओबुशी काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको, तुमचा धंदाच तो आहे. पण तुमच्या फोनवरच्या माणसांना ते माहीत नव्हतं, म्हणून इथे लिहिते. बोनिटो मासा उकडतात, दिवसचे दिवस धुरी देतात, तो लाकडासारखा टणक होईपर्यंत वाळवतात, आणि रंध्यावर ढलप्या काढाव्यात तसे त्याचे पातळ काप काढतात. त्या कापांचं पाणी म्हणजे दाशी. मिसो त्यात नंतर कालवतात. म्हणजे मिसो सोयाबीनचा असला तरी वाटीतलं पाणी माशाचं. मी तुमच्या शाखेच्या सुपरवायझरला बोलावलं. तो आतून दाशी पावडरचं पाकीट घेऊन आला, मला पटवून द्यायला. त्यावर 'बोनिटो' छापलेलं होतं. मागे चिकटवलेल्या आयातीच्या लेबलवर तपकिरी त्रिकोण होता. तुमच्याच कपाटातल्या पाकिटावर नॉनव्हेजची खूण, आणि तुमच्याच मेनूकार्डावर त्याच सूपच्या सेटला हिरवा ठिपका! पाकीट हातात धरून तो मला म्हणाला, "मॅडम, पण ही तर पावडर आहे, यात पीस नाही."

बाजूच्या वाटीतली किमची, म्हणजे आंबवलेली कोरियन भाजी, मी आईला आधीच खाऊ दिली नव्हती. किमचीत बहुतेक ठिकाणी खारवलेली कोळंबी किंवा माशाचा सॉस असतो. तुमच्या किमचीत काय असतं ते मी विचारलं, तर कुणालाही सांगता आलं नाही.

मग मी उठून काचेतून तुमचं किचन बघितलं. दोन फ्रायर होते. एक बंद, वर झाकण, झाकणावर प्लेटांची चळत. दुसऱ्यातून आचाऱ्याने जाळीत रोसु कात्सु, म्हणजे डुकराच्या मांसाचा कटलेट, वर काढला, निथळला, पाटावर टाकला आणि त्याच जाळीत कमळकाकडीच्या चकत्या घालून परत सोडल्या. वरच्या चुऱ्याचे काळे कण तेलात फिरत होते. आमच्या टेबलावरच्या कोरोक्केलाही तसेच काळे कण चिकटलेले होते. ते खाली जाळी न ठेवता तसंच प्लेटवर ठेवल्यामुळे बूड ओलं झालं होतं, पण त्या क्षणी ती तक्रार माझ्या मनातसुद्धा आली नाही.

आई शांत बसली होती. मी परत आले तेव्हा तिने एवढंच विचारलं, "मासा होता का गं त्यात?"

मी हो म्हणाले. खोटं बोलायचं मला सुचलं नाही आणि सुचलं असतं तरी बोलले नसते. तिने पाणी मागितलं, चूळ भरली आणि आमचं होईपर्यंत बाहेर बाकावर जाऊन बसली. दुसरा दिवस तिने पाण्यावर काढला. नातवाची परीक्षा होती म्हणून सकाळी त्याच्या हातावर दही दिलं, स्वतः काही घेतलं नाही.

आता फोनचं सांगते. पहिला फोन रविवारी. तक्रार नोंदवली म्हणाले, ४८ तासांत फोन येईल. आला नाही. दुसरा मंगळवारी. रविवारची नोंदच सापडत नाही म्हणाले, पुन्हा सगळं सांगायला लावलं. तिसरा काल. अकरा मिनिटं गाणं ऐकवल्यावर एका 'सिनियर' बाईंना जोडलं. त्यांचं-माझं बोलणं मी लगेच वहीत उतरवून ठेवलं आहे, शब्द न् शब्द.

त्या म्हणाल्या, "मॅडम, ऑइल तर व्हेजच असतं. आम्ही सनफ्लॉवरच वापरतो."

मी म्हणाले, "त्या तेलात डुकराचं मांस तळलं होतं."

"हो मॅडम, पण तळून झाल्यावर ते बाहेर काढतात ना."

मी म्हणाले, सूपचं काय? त्यांनी विचारलं, "आईंना काही त्रास झाला का? उलटी, लूज मोशन?" मी नाही म्हणाले. तर म्हणाल्या, "मग ही हेल्थ कम्प्लेंटमध्ये येत नाही, मी फीडबॅकमध्ये टाकते." मी सांगितलं, माझी आई माळकरी आहे, तिच्या बाबतीत त्रास म्हणजे फक्त उलटी नसते. थोडा वेळ त्या टाइप करत होत्या, आवाज येत होता. मग म्हणाल्या, अगदी समजुतीच्या सुरात:

"मॅडम, तुम्ही त्यांना सांगितलंच नसतं, तर त्यांना कळलंही नसतं ना."

हे वाक्य मी काल रात्रीपासून डोक्यातून काढू शकलेले नाही. एका कंपनीची अधिकारी व्यक्ती मला सांगते की मी माझ्या आईला फसवायला हवं होतं. तुमच्या पोराने मला फसवलं, तुमच्या मेनूकार्डाने फसवलं, आणि ती साखळी माझ्याशी येऊन तुटली, हा माझा दोष! तिने इतकी वर्षं पाळलेलं व्रत ही दोन घोटांत गुपचूप मोडून टाकायची गोष्ट आहे, आणि मोडल्याचं तिला कळू द्यायचं नाही, एवढीच काय ती काळजी घ्यायची. मी विचारलं, तुमच्या आईला असं कुणी वाढलं असतं तर? त्या म्हणाल्या, "पर्सनल बोलू नका मॅडम." आणि पुढच्या वेळी चिकन कटलेटवर पंधरा टक्के सूट देणारं कूपन पाठवू का, असं विचारलं. कूपन रात्री आलं. चिकनचंच आहे.

हे पदार्थ माळकऱ्याला चालतील असे करताच येत नाहीत, असं मला कुणी सांगू नये. जपानमधल्या बौद्ध मठांत शोजिन र्‍योरी, म्हणजे शाकाहारी स्वयंपाक, शिजतो, तिथली दाशी कोम्बु नावाच्या समुद्री शेवाळाची आणि वाळवलेल्या शिताके मशरूमची असते. कोरियातल्या मठांच्या स्वयंपाकात मासा तर नाहीच, कांदा-लसूणही नाही, आपल्याकडे चातुर्मासात सोडतात तसं. कोम्बु तुमच्या किचनमध्ये नसेल असं होणार नाही. टोक्योत गिन्झामधल्या रेंगातेई या रेस्टॉरंटने १८९९ साली डुकराचा कटलेट भरपूर तेलात तळून विकायला सुरुवात केली असं मानतात, आणि कोरियाने तोच पदार्थ ठोकून ताटाएवढा पातळ केला, वर तपकिरी सॉस ओतला, आधी सूप आणि बाजूला मुळ्याची किमची दिली. सोलमध्ये नामसान डोंगराच्या पायथ्याशी मी तो खाल्लाय. दोन्ही देशांनी पाहुणा पदार्थ आपल्या माणसांच्या जिभेप्रमाणे नीट बसवून घेतला. तुम्ही तो पुण्यात आणलात. इथे चाकण, तळेगाव, रांजणगावच्या कारखान्यांमुळे जपानी-कोरियन माणसं राहतात, त्यांच्यासाठी रोसु कात्सु उत्तमच करा. माझ्या यजमानांनी खाल्ला, कडक आणि रसाळ होता, ते मी नाकारत नाही. पण हिरवा ठिपका तुम्ही आमच्यासाठी छापला आहे. तो छापलात तर पाळा. पाळायचा नसेल तर खोडा आणि स्पष्ट लिहा की इथे शाकाहारी माणसाला काही नाही. आम्ही दाराबाहेरूनच परत जाऊ, राग धरणार नाही.

कायदाही तुम्हाला माहीत असेलच. मासा, मग तो पावडर असो की पाणी, अन्नसुरक्षा नियमांत मांसाहारच आहे. व्हेज आणि नॉनव्हेज वेगळं ठेवणं तुमच्या परवान्याच्या अटींत आहे. आणि एक राहिलंच. २,८६० रुपयांच्या बिलात दहा टक्के सेवा शुल्क आपोआप लावलेलं आहे. ते परस्पर बिलात घालू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. त्या सेवेचे पैसे मी दिले, या विचाराने संताप होतो.

मला पुढील गोष्टी लेखी हव्या आहेत. त्या दिवशी दोनदा विचारूनही खोटं उत्तर कुणाच्या सांगण्यावरून दिलं. दुसरा फ्रायर का बंद होता आणि कधी सुरू करणार. सूप बदलेपर्यंत मेनूकार्डावरचा हिरवा ठिपका काढला जाईल का. सेवा शुल्क परत. कूपन नको, ते रद्द करा.

पंधरा दिवस वाट बघेन. त्यानंतर मेनूकार्डाचा, पाकिटाचा आणि बिलाचा फोटो घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे जाईन, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करेन. वकिलाची मला गरज नाही. मी दोनदा विचारलं होतं आणि दोनदा हो म्हणून सांगण्यात आलं, एवढं सांगायला मी स्वतः पुरेशी आहे.

आणि आईची माफी मागायची असेल तर पत्र मराठीत पाठवा. तिला इंग्रजी वाचता येत नाही, आणि ते मी तिला वाचून दाखवणार नाही. ती स्वतः वाचेल.

तुमची एक ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, मेनूकार्डाचा फोटो, दाशी पावडरच्या पाकिटाचे दोन फोटो, तिन्ही फोनच्या तारखा आणि वेळा