बीज सोडण्याआधी

प्रिय बाबल्या,

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे दोन फोन आले, तेही उचलले नाहीत. आधी तळ्यातल्या बीजावरून झालेल्या बोलण्याचा राग होता. पुढे राग गेला आणि आता कुठल्या तोंडाने बोलू असं होऊन बसलं. तब्येत बरी आहे, साखर आटोक्यात आहे, पोरं मजेत आहेत.

लिहायला बसलो ते शनिवारच्या पहाटेमुळे. शेजारचे म्हातारे मला त्यांच्या होडीतून इथल्या, अमेरिकेत आयडाहोतल्या, पाँडोरे तलावावर घेऊन गेले. चारी बाजूंनी डोंगर सरळ पाण्यात उतरलेले, आणि खोली साडेअकराशे फूट. या तलावातल्या माशाचं नाव ऐकशील तर हसशील. कोकणी! खरंच सांगतो. जात सॉकाय सॅल्मनची, पण हा समुद्राला जातच नाही, सगळा जन्म गोड्या पाण्यात काढतो. इथल्या मूळच्या लोकांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ लाल मासा. तीन-चार वर्षांचा झाला की शरद ऋतूत अंगाने लालभडक होतो, अंडी घालायला ओढ्यात नाहीतर काठाच्या खड्यांवर येतो आणि तिथेच मरतो. मी म्हाताऱ्यांना म्हटलं, मीसुद्धा कोकणीच. त्यांना आधी कळेना, मग सबंध सकाळ मला त्याच नावाने हाका मारत होते.

पहिले दोन तास ट्रोलिंग केलं. होडी ताशी दोन किलोमीटरने, माणूस चालतो त्याच्याहून हळू, आणि मागे दोऱ्या ओढत न्यायच्या. शिशाचा जड गोळा दोरी साठ-सत्तर फूट खाली नेतो. पुढे चमकता पत्रा डुलत असतो, त्याच्यामागे वीतभर तंगुसावर गुलाबी झालर लावलेली बारीक गरी, आणि गरीच्या टोकाला मक्याचा पांढरा दाणा. होडी वळली की आतल्या बाजूची दोरी मंदावते, बाहेरची वेग घेते. मासा कुठल्या दोरीला लागला ते बघून वेग वाढवायचा की कमी करायचा ते ठरवायचं. आणि ओढायचं जपून, कारण याचं तोंड पापडासारखं, जोर केलास की गरी फाडून निघून येते. माझे तीन असेच गेले.

मग होडीतल्या मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर सत्तर फुटांवर थवा दिसला. म्हाताऱ्यांनी इंजिन बंद केलं आणि माझ्या हातात जिग दिला. जिग म्हणजे बोटाएवढा चकचकीत धातूचा तुकडा. फूटभर उचलायचा आणि पडू द्यायचा, बस. चौथ्या-पाचव्या खेपेला तो खाली जाता जाता दोरी मध्येच सैल पडली. झटका नाही, ओढ नाही, नुसती सैल. आणि बाबल्या, मला समजायच्या आधी माझा हात वर उठला. गावच्या तळ्याच्या वडाखाली दाजी काय ओरडायचे? "ओढेची वाट बघू नको रे मेल्या, दोरी मऊ पडली की तो घेऊन वर येतोय!" तेहतीस वर्षांनी हाताला ते आठवलं. मासा वर आला, हातभरही नाही, निळी पाठ आणि चांदीचं अंग. खवलं इतकी सुटी की तळहाताला चिकटून राहिली. मी ती कितीतरी वेळ धुतली नाहीत. हे इथे कुणाला सांगू? (आणि वडाखालचा तो तांबडा खवळा मी धरला होता, तू नाहीस. हे आज लेखी देतो.)

परतताना म्हाताऱ्यांनी जे सांगितलं ते चार रात्री डोक्यातून जात नाही. त्यांचे वडील याच तलावावर हातदोरीने कोकणी धरून विकायचे. तेव्हा वर्षाला दहा-दहा लाख मासे निघायचे. मग 1966 मध्ये सरकारी खात्याने तलावात मायसिस नावाचा झिंगा सोडला, अगदी आपल्या जवळ्याएवढा. हेतू चांगलाच होता, माशांना खाऊ मिळावा. कॅनडातल्या कूटनी तलावात तसा उपयोग झालेला दिसला होता. पण तिथल्या एका फाट्यात प्रवाह झिंग्याला वर ढकलत होता, म्हणून तो माशाच्या तोंडी लागत होता. इथे झिंगा दिवसा खोल अंधारात दडायचा, रात्री वर येऊन कोकणीचंच बारीक खाद्य फस्त करायचा. कोकणी दिवसा डोळ्यांनी बघून खाणारा, त्याला तो सापडेच ना. तळाशी त्या झिंग्यावर पोसला लेक ट्राउट नावाचा मोठा मासा, तोही बाहेरून आणलेलाच. त्याची पिल्लं गब्बर झाली आणि मोठी होऊन कोकणीला खाऊ लागली. धरणांनी पाण्याची पातळी वरखाली होऊन काठावरची अंडी गेली ती वेगळीच. 1973 मध्ये विक्रीची मासेमारी थांबली आणि 2000 मध्ये कोकणी धरायलाच बंदी आली. 2006 पासून लेक ट्राउट जाळ्यांनी उपसताहेत, धरणाऱ्याला माशाच्या एका डोक्यामागे पंधरा डॉलरही दिले. तेव्हा कुठे 2013 ला कोकणी परत खुला झाला. म्हातारे म्हणाले, त्या तेरा वर्षांत नातवंडं मोठी होऊन निघून गेली, त्यांना शिकवायचं राहूनच गेलं.

आता तुला कळलं असेल मी कुठे येतोय. पावसात आपल्या तळ्यात चिलापीचं, म्हणजे तिलापिया माशाचं, बीज सोडायचं तुमच्या कमिटीने ठरवलंय. गणपतीत त्यावरूनच तू म्हणालास, "तिकडे बसून शिकवू नको." लागलं मला. पण तळ्याचा गाळ तू उपसलास, मी नाही, तेव्हा बोलायचा हक्क तुझाच. चिलापी लवकर वाढते, काटे कमी, भिगवणला तिचे ढीग लागतात, पोरांना चार पैसे मिळतील. यातलं काहीच मी खोटं म्हणत नाही.

पण ती मादी अंडी तोंडात धरून जपते रे. पिल्लं जगतात, वर्षातून कितीदा तरी होतात. एकदा सोडली की मोजदाद संपली. आणि आपलं तळं बंद कुठे आहे? सांडव्यावरून पाणी वहाळात जातं, त्याच वहाळाने मिरगात चढणीचे मासे वर येतात. भातात कंदील घेऊन आपण धरायचो ते मळवे, ते खवळे. वहाळात चिलापी शिरली तर त्यांना जागा कुठली? रोहू-कटला सोडा ना. साचल्या पाण्यात ते वीण घालत नाहीत, धरले की संपले. फार तर दरवर्षी नवं बीज घ्यावं लागेल. पहिल्या दोन वर्षांचे बीजाचे पैसे माझे.

तू म्हणशील, तुझा तो कोकणीसुद्धा बाहेरचाच. हो, बाहेरचाच. 1916 मध्ये वरच्या फ्लॅटहेड तलावात सोडला, तिथून नदीने तो 1930 च्या दशकात आपोआप खाली आला. सोडला एका तलावात, पोचला दुसऱ्यात. मला नेमकी भीती त्याचीच वाटते.

चार मासे घरी आणले. आगळ लावून, रव्यात घोळवून तळले. तिरफळ नव्हतं, त्याची फार आठवण झाली.

तुझ्या शाळेचं अनुदान मिळालं का? वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? काकींना माझा नमस्कार सांग.

बीजाची गाडी कधी येणार ती तारीख आजच कळव, आणि त्याआधी फोन कर. तुझे सकाळचे सात म्हणजे माझे आदल्या संध्याकाळचे साडेसहा. या वेळी पहिल्या रिंगला उचलीन.

तुझाच,
बंड्या